कॅप्टन जगदाळे यांची हरकत नाही

साल एकोणीसशे एकसष्ट. पानशेतचं धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं ते वर्ष, म्हणून विसरायला होत नाही. त्या वर्षी नवरात्र नुकतंच बसलं होतं. जयपूरच्या छावणीतल्या हॉस्पिटलात सकाळचं ऑपरेशन आटोपून कॅप्टन विजयमाला शितोळे हात धूत होती आणि हेडक्लार्क माथुरजी थिएटरच्या उंबऱ्याअलीकडे चपला काढून उभे राहिले. थिएटर म्हणजे त्यांच्या लेखी देवघर, आत कधी पाऊल टाकायचे नाहीत. हातात कागद होता आणि चेहरा असा, की कुणाच्या घरची वाईट तार घेऊन आलेत. "मॅडम," ते म्हणाले, "ये कॅप्टन जगदाळे कहाँ मिलेंगी?"

कोपरापर्यंत साबणाचा फेस तसाच राहिला. भर गर्दीत कुणीतरी मागून आपल्याला हाक मारावी आणि वळून बघावं तर ओळखीचं कुणीच नसावं, तसं तिला झालं. या गावात ते नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तीन वर्षांत ते कुणी उच्चारलं नव्हतं. आणि तरी तिच्या तोंडातून "ओ" निघता निघता राहिली. "काय काम आहे त्यांच्याकडे?" तिनं विचारलं, आणि आपण 'त्यांच्याकडे' म्हणालो याचा तिला तत्काळ राग आला.

गोष्ट साधी होती. निदान तिला इतके दिवस साधी वाटत आली होती. लग्नाआधी ती शालन आप्पासाहेब जगदाळे होती. त्या नावानं डॉक्टर झाली, त्या नावानं लष्करात शिरली, आणि भूल देण्याच्या शास्त्राची लष्करी परीक्षा देऊन त्याच नावानं स्पेशालिस्ट झाली. स्पेशालिस्टला पगारावर दरमहा खास भत्ता असतो, तो तिला मिळायचा. मग अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात लग्न झालं. त्याच सुमारास नोकरी कायम झाली, आणि नोकरी कायम झाली की नंबरही नवा मिळतो. म्हणजे नाव नवं, मधे बापाच्या जागी नवरा, आडनाव नवं, नंबर नवा. पुढच्या महिन्यापासून भत्ता बंद. आधी तिनं वाट पाहिली, मग अर्ज केले: नोंद दुरुस्त करा, थकलेला भत्ता द्या. अर्ज वर जात होते आणि वरून काही खाली येत नव्हतं. आज आलं होतं. स्पेशालिस्टचा दर्जा कॅप्टन जगदाळे यांचा आहे. कॅप्टन शितोळे यांना तो स्वतःच्या नावावर हवा असल्यास कॅप्टन जगदाळे यांची हरकत नसल्याचं पत्र सोबत जोडावं.

"माथुरजी, मीच ती."

"मुझे मालूम है जी. लेकिन सरनेम तो सबका बदलता है. मेरी बहू भी पहले सक्सेना थी. नाम भी कोई बदलता है?"

"आमच्यात बदलतात."

"और आपने बदलने दिया? डॉक्टर होके?" त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, भिंतीवर कागद टेकवून त्याच्या मागच्या बाजूला दोन्ही पूर्ण नावं एकाखाली एक लिहिली आणि शब्दाशब्दावर पेन्सिल टेकवत गेले. खरोखरीच मदत करायची म्हणून, कुठंतरी काहीतरी जुळेल म्हणून. मग तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारून अगदी मृदू आवाजात म्हणाले, "इस में आप कहाँ हैं, मॅडम?"

दिवसभर तो प्रश्न कानात माशीसारखा फिरत राहिला. तिनं बाजूला सारावा आणि त्यानं पुन्हा येऊन बसावं. आपण होऊ दिलं, हे खरंच होतं. साताऱ्याकडच्या त्या मंगल कार्यालयात पाटावर बसली तेव्हा ती तिशीला टेकलेली बाई होती. कित्येक माणसांचा श्वास तिनं हातात धरला होता. समोर ताट आलं, ताटात तांदूळ पसरलेले, आणि उत्तमरावांनी सोन्याच्या अंगठीनं त्यात नाव रेखायला घेतलं. अक्षर आधीच वाईट, त्यात नाव लांब. 'विजयमा' पर्यंत आले आणि ताट संपलं. शेवटचं अक्षर काठावर चढलं, दोन दाणे तिच्या शालूवर पडले आणि बायका हसल्या. तीही हसली. एखाद्या नव्या शस्त्रक्रियेकडे बघावं तशी ती कुतूहलानं बघत होती. आपल्यालाच काही कापलं जातंय असं वाटलं नाही. नाव का बदलायचं, हा प्रश्न नव्हताच. सासूचं नाव शालन. घरात दोन शालन कशा असतील, सासूच्या नावानं सुनेला हाक कोण मारील? इतकं उघड होतं ते, की वकिलाची मुलगी असून तिच्या चुलतबहिणीनंसुद्धा त्यावर काही विचारलं नाही. आप्पा असते तर काय म्हणाले असते? आप्पा लग्नाच्या आदल्या वर्षी गेले. हायस्कुलातले गणिताचे मास्तर, पोरीची ट्रंक बोर्डिंगला निघाली की तिच्यावर पांढऱ्या रंगानं स्वतः नाव घालायचे. रंग वाळेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांना विजयमाला नावाचं कुणी भेटलंच नाही. पण खरा संताप याचा नव्हता. खरा संताप याचा, की रजेवरून परत आल्यावर तिनं आपणहून, कुणी न मागता, फॉर्म भरून दिला होता. लष्करात माणसाचं जे जे काही होतं ते हुकुमात छापून येतं, लग्न, मूल, मोडलेलं हाड. मेसमधल्या पंजाबी बायका आडनावापुरत्या बदलल्या होत्या. हिनं मात्र शहाण्या मुलीसारखं सगळं खरं खरं लिहिलं होतं.

उत्तमराव विम्याच्या कचेरीत अधिकारी होते. अजमेरी गेटवरून संध्याकाळी स्कूटरवर यायचे, येताना एखाद्या दिवशी कांद्याची कचोरी आणायचे, आणि पायरीवर बसून बूट काढता काढता दिवसभरातलं काहीतरी हसण्यासारखं सांगायचे. त्या दिवशी त्यांच्या आधी तीच बोलली.

"अहो, कॅप्टन जगदाळेंचं ना-हरकत पत्र पाहिजे म्हणे."

"मग घे की लिहून. बाई स्वभावानं चांगल्या आहेत. नाही म्हणायच्या नाहीत."

"मस्करी नकोय मला."

"मस्करी कुठं करतोय? एका हातानं माग, दुसऱ्या हातानं दे."

"तुम्हाला काय! जन्मलात तेव्हा उत्तम, मराल तेव्हा उत्तम. तुमचं एक अक्षर हललं नाही."

उत्तमरावांनी बुटाची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. "हललं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले, "शाळेत पोरं फार चिडवायची." तिला हसू आलं आणि त्या हसण्याचाही राग आला. या माणसाशी धड भांडता येत नाही, ही तिची जुनी तक्रार होती. आत जाऊन तिनं कणीक इतकी तिंबली की पोळ्या त्या रात्री लुसलुशीत झाल्या.

पत्र तिनं लिहिलं. काय करणार? वरच्या दफ्तरातला माणूस तिला दिसत नव्हता. दिसता तर तिनं त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारून बाहुल्या तपासल्या असत्या. 'मी, कॅप्टन शालन जगदाळे, माझी काही हरकत नाही' असं लिहिताना तिला आपली जुनी सही आठवेना. बोटांना आठवेना. 'ज' च्या पोटात एक गाठ असायची, ती कुठल्या बाजूनं फिरायची? तिनं रद्दीवर गिरवून पाहिलं आणि स्वतःच्या सहीची नक्कल करणारी आपण पहिलीच बाई असू असं वाटून पेन ठेवून दिलं. शेवटी जमेल तशी सही ठोकून पाठवलेलं पत्र परत आलंच. दोन्ही अक्षरं एका हातची दिसतात, सबब ग्राह्य धरता येत नाही. माथुरजींनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, "एक तरह से उन्होंने मान ही लिया ना, मॅडम?"

मग पुरावे. लग्नपत्रिका सापडली, तर तिच्यात चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी शालन. बरोबरच होतं, पत्रिका छापतात तेव्हा नवं नाव जन्मलेलं नसतं. ताटाचा फोटो काढलेला पक्का आठवत होता. फोटोवाल्याचं दुकान पुण्याला नदीकाठी, उत्तमरावांच्या मित्रानं जाऊन पाहिलं तर काचा, डबे, फ्लॅशचे दिवे, सगळ्यावर बोटभर गाळ. विजयमाला नावाची बाई जन्मली त्याचा एकुलता एक पुरावा मुठेच्या पाण्यानं नेला होता. उरले साक्षीदार, आणि साक्षीदारांत सगळ्यांत वजनदार कोण, तर जिच्यामुळे नाव बदललं ती. दिवाळीला आत्याबाई येणारच होत्या.

सासूला ती रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणे. आत्याबाई आल्या त्या तिखटाचा डबा, जोंधळ्याचं पीठ आणि मडक्यात भरलेलं लोणचं घेऊन. जयपूरला ज्वारी मिळत नाही यावर त्यांचा ठाम विश्वास होता. पहिल्या दिवशी त्यांनी बगरूच्या छापील चादरीवर हात फिरवून "रंग जायचा न्हाई, कापड जाईल" असा निकाल दिला, दुसऱ्या दिवशी दूधवाल्या भैय्याशी आपल्या सातारी बोलीत भांडून त्याच्याकडून मापं बदलून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी मुलगा-सून त्यांना प्रतिज्ञापत्र करायला कलेक्टर कचेरीत घेऊन गेले. कडुनिंबाखाली टाइपरायटर मांडून अर्ज लिहिणारे बसलेले. त्यातल्या एकानं कागद चढवला, बोटं मोडली आणि विचारलं, "माताजी, नाम?"

"कंचं?" आत्याबाई म्हणाल्या. "म्हायेरचं का सासरचं?"

"आई, सासरचं," उत्तमराव घाईनं म्हणाले. "शालन. शालन शितोळे लिखिए जी."

विजयमालेनं ते ऐकलं. पण तिचं लक्ष टाइपरायटरवर होतं, 'शितोळे'तला शेवटचा 'ळ' त्या यंत्रात होता की नाही या काळजीत. वय बासष्ट. पेशा, गृहिणी. माझ्या समक्ष, माझ्या सांगण्यावरून माझ्या सुनेचं नाव शालन बदलून विजयमाला ठेवण्यात आलं. आत्याबाईंनी दातांत जीभ धरून, अक्षर अक्षर वेगळं काढून सही केली, आणि झाल्यावर पेन त्या माणसाला परत न देता स्वतःच्या पिशवीत टाकलं. मागून घ्यावं लागलं.

हिवाळा आला. वाट बघण्यात तिची एक वेगळीच चीड तयार झाली, अंगात मुरलेली, ईथरच्या वासासारखी. तो वास केस धुतले तरी जात नाही. टेबलावर शिपाई आडवा झाला की तोंडावर जाळी ठेवायच्या आधी ती त्याला म्हणायची, नाव बोल, बोलत राहा. शिपाई नंबर सांगायचा, हुद्दा सांगायचा, मग नाव. ईथरचे थेंब पडू लागले की आधी नंबर गळायचा, मग हुद्दा, मग आडनाव. मग नाव नुसतं श्वासासारखं येत राहायचं आणि थांबायचं. हे सगळीकडेच असं होत असेल. पण माणूस परत येताना काय होतं हे तिला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. एक हवालदार कितीतरी वेळ डोळे उघडेना. कागदावरच्या नावानं हाका मारून नर्स थकली. बाहेर त्याचा भाऊ बसला होता, त्याला तिनं विचारलं, घरी काय म्हणता याला? तो लाजला. म्हणाला, घर पे तो भोमला बोलते हैं. तिनं वाकून कानाशी "भोमला!" म्हटलं आणि हवालदारानं डोळे उघडून पाणी मागितलं. तेव्हापासून केसपेपरच्या कोपऱ्यात घरचं नाव लिहून ठेवायची पद्धत तिनं पाडली. सर्जन मेजर शेखावत त्यावरून चेष्टा करायचे. आणि आता कधी कधी, टेबलाच्या डोक्याशी स्टुलावर बसून फुगणारी-बसणारी रबराची पिशवी बघता बघता, तिला वाटायचं: उद्या आपण इथं आडव्या झालो तर ही माणसं कुठल्या नावानं हाक मारतील, आणि आपण येऊ का? विजयमाला म्हटलं तर येऊ? शालन म्हटलं तर? शालू म्हणणारे एकटे आप्पा होते, त्यांचं तर सगळंच संपलं. मग पिशवी नीट फुगत नाहीसं वाटून ती दचकायची. पिशवी ठीक असायची.

मेजर शेखावतांना कापण्याबद्दल खास भत्ता होता. त्यांचं नाव जन्मापासून एकच होतं.

जानेवारीत उत्तर आलं. माथुरजी यावेळी उंबरा ओलांडून आत आले, चपलांसकट, तेव्हाच तिला कळलं. दफ्तरानं आत्याबाईंचं प्रतिज्ञापत्र वाचलं होतं आणि त्यांना शालन सापडली होती. शालन शितोळे यांनी शपथेवर आपलं वय बासष्ट आणि व्यवसाय गृहिणी असं सांगितलं आहे. असं असता चोपन्न साली त्यांना भूलशास्त्रातला दर्जा कुणी आणि कशाच्या आधारे दिला, याचा खुलासा व्हावा. खुलासा होईपर्यंत हा दर्जा स्थगित समजावा, आणि सदर दर्जाच्या आधारे कुणीही स्वतंत्रपणे भूल देऊ नये.

ती हसली. आधी हसलीच. माथुरजीही हसले, आणि मग दोघंही एकदम थांबले. आत टेबलावर हर्निया वाट बघत होता.

शेखावत म्हणाले, "तू भी ना, विजया! चार पैसों के लिए क्यों छेड दिया? चुप बैठती, तो चल ही रहा था." त्यांना हे मनापासून वाटत होतं, आणि तेच तिला सहन झालं नाही. गप्प बसलं तर चालतं. तीन वर्षं चाललंच होतं; भूल ती देत होती, माणसं झोपत होती, उठत होती, कुणी विचारत नव्हतं. तिनं फक्त म्हटलं होतं की हे मी करते. एवढं म्हणण्याची ही शिक्षा. दिल्लीहून एक पोरसवदा लेफ्टनंट आला, हातात नवी पुस्तकं, आणि तिला जवानांच्या बायकापोरांच्या दवाखान्यात बसवलं. खोकल्याचं औषध, खरजेचं मलम, जंतांच्या गोळ्या. पलीकडे थिएटरची खिडकी. तिला इथून ऐकू यायचं. ऐकू यायचं नाही खरं तर, पण यायचं. तो पोरगा ईथर घाईनं ओततो, रोगी गुदमरतो, हातपाय झाडतो. एकदा ती धावत गेली आणि दारात थांबली. आपल्याला आत जायचा हक्क नाही. तिच्या हातात कुणाच्या तरी बाळाची जंतांची बाटली होती. आतून शेखावतांच्या शिव्या, मग शांतता. ती शांतता चांगली की वाईट हे तिला बाहेरून ओळखता येईना, आणि ते ओळखता येणं हेच तर तिचं सगळं आयुष्य होतं. भत्ता गेला खड्ड्यात. पण हे? हे कुणाच्या सहीनं गेलं?

"एकच मार्ग आहे," अशा अर्थाचं माथुरजी म्हणाले. त्यांनीही रात्री जागून नियमाची पुस्तकं चाळली होती. आता हा अर्ज त्यांच्याही हट्टाचा झाला होता. नाव बदलल्याचा अठ्ठावन्न सालचा हुकूमच रद्द करून घ्यायचा. तसं काही घडलंच नाही. विजयमाला चुकून छापलं गेलं, कॅप्टन जगदाळे पहिल्यापासून आहेत तशाच आहेत. "फिर तो आप ही आप हैं, मॅडम. शुरू से. सिर्फ लिखना है, के ये नाम कभी रखा ही नहीं गया."

गच्चीवर आत्याबाई उन्हात पाठ करून बसल्या होत्या. संक्रांत झाली तरी त्या परत गेल्या नव्हत्या. सून दुपारची घरी येऊन बसते, जेवत नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. समोर मटाराच्या शेंगांचा ढीग. विजयमाला त्यांच्याशेजारी बसली आणि शेंगा सोलू लागली, दाणे एका बाजूला, सालं दुसऱ्या बाजूला, मग तिला कळलं की ती सालं दाण्यांत टाकतेय.

"माझ्या सहीनं तुझं काम मोडलं म्हंत्यात," आत्याबाई म्हणाल्या.

"तुमची काही चूक नाही, आत्याबाई."

"न्हाईच हाय. मी काय म्हनले, नाव शालन, वय बासट, घरात आसते. खोटं काय त्यात?" त्यांनी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. "मी नाव अडवून बसले म्हनून तुझं अडलं, आसंच ना?"

विजयमालेनं दाण्यांतली सालं वेचायला घेतली. तिला वाटलं, बोललो तर ओरडू.

"मग घे की माघारी. मला तरी कुटं जल्माचं हाय त्ये? मला हौसा म्हनत. शितोळ्यांच्यात आले, तर मामंजींच्या भनीचं नाव हौसा. एका घरात दोन हौसा न्हाई चालायच्या. ताटात लिवलं ह्यांनी कायबाय. त्यास्नी लिवाय येत नव्हतं, मला वाचाय येत नव्हतं. भटानं वाचून दावलं, शालन. चांगलं वाटलं कानाला. पर त्या नावानं मला हाक कुनी मारली? सासरी उत्तमची आई, भावकीत वैनी, म्हातारपनी म्हातारी. शालन म्हनून कुनी बोलीवलंच न्हाई कवा. उत्तमनं सही शिकिवली, तवा कुटं त्ये उपेगी पडलं." त्यांनी एक शेंग फोडली, आत कीड होती, ती लांब फेकली. "तू चांगलं वागिवलंस की त्ये नाव. डाक्टर केलंस त्याला. मी नुसतं ठिवून दिलं हुतं."

विजयमालेच्या हातात दाणे तसेच राहिले. ज्या नावासाठी आपण बाजूला झालो, ते राखत कुणी बसलंच नव्हतं. त्या दाराआडही एक बाई बाहेर उभी होती, इतकी वर्षं, बिनतक्रार. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती चीडच, अधिक रुंद, कुणावर काढावी ते न समजणारी. "आणि हौसा कोण म्हणायचं?" तिनं विचारलं.

"म्हननारी समदी गेली," आत्याबाई म्हणाल्या. "त्या सालांत दानं टाकू नगंस. बघ जरा."

उत्तमरावांना तिनं रात्रीचं जेवण झाल्यावर सांगितलं. विजयमाला हे नाव ठेवलंच गेलं नाही, असं लिहून द्यायचं. नवऱ्याचीही त्यावर सही लागते. ते सुपारी कातरत होते, कातरतच राहिले. या वेळी विनोद आला नाही. अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "आठ दिवस विचार करत होतो त्या नावाचा. तू विचारलं नाहीस कधी. आईनं गोदावरी सुचवलं होतं." मग, "म्हटलं, एवढी शिकलेली मुलगी आपल्याकडे येणार, जरा मोठं नाव असावं."

"ताटात मावलं नाही," ती म्हणाली.

"नाही मावलं." त्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा शोधला, आणि सही करायच्या आधी सगळं वाचलं, एखाद्या परक्याचा दावा वाचावा तसं. 'असा विधी झाला नाही' या ओळीवर बोट ठेवून थांबले. तिला वाटलं, आता नाही म्हणतील, आणि म्हणाले तर आपण काय करू हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. बाहेर चौकीदाराची काठी वाजत लांब गेली. "घरात मी काय म्हणू?" त्यांनी विचारलं.

"आत्ता काय म्हणता?"

त्यांना आठवेना. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि ते तिला 'अगं' म्हणत आले होते. दोघांनाही ते एकाच वेळी लक्षात आलं. त्यांनी सही केली.

होळीच्या आत हुकूम आला. त्या पोरसवद्या लेफ्टनंटची बदली झाली, आणि कॅप्टन शालन जगदाळे पुन्हा टेबलाच्या डोक्याशी बसली. पहिल्या दिवशी शेखावत म्हणाले, "वेलकम, कॅप्टन जगदाळे. यहाँ एक शितोळे होती थी, अच्छी थी बेचारी." ती हसली नाही. तिनं रोग्याकडे वाकून त्याचं घरचं नाव विचारलं.

माथुरजी पुढं निवृत्त होऊन बस्सीला आपल्या घरी गेले. बऱ्याच वर्षांनी मुलांनी जयपूरच्या विद्याधर नगरात घर बांधलं तेव्हा तिथं आले. मराठी लोक बायकोचं सगळं नाव बदलतात ही गोष्ट त्यांनी मरेपर्यंत सांगितली आणि ऐकणाऱ्यांनी ती थाप समजली. शेखावत चीनच्या लढाईत ईशान्येला गेले, तिथं एका पायाची बोटं थंडीनं गेली. पुढं सीकरला खासगी दवाखाना काढून खूप पैसा मिळवला. आत्याबाई सदुसष्ट साली गावी वारल्या. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करताना तलाठी समोरच होता, जमीन शालनच्या नावावर होती, म्हणून उत्तमरावांनी शालन सांगितलं. सून मागं उभी होती, तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. एका घरात दुसरी नोंद-दुरुस्ती तिला झेपणारी नव्हती. हौसा हे नाव कुठंच लागलं नाही. उत्तमराव शाखेचे मुख्य होऊन निवृत्त झाले. शेवटपर्यंत तिला 'अगं'च म्हणत. मुलगी झाली, ती इंग्रजी शाळेत शिकली, मराठी तोडकं बोलते. लग्नात तिनं नाव बदललं नाही, आणि त्यात काही विशेष आहे असं तिला वाटलंही नाही.

ती स्वतः लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाली आणि पुण्याला येऊन राहिली. खास भत्ता हुकूम झाल्यापासून नियमित मिळाला, पेन्शनीतही धरला गेला. थकलेल्या तीन वर्षांचं मात्र वेगळं झालं. त्या काळात कॅप्टन जगदाळे हॉस्पिटलच्या हजेरीवर नव्हत्या, सबब त्यांना भत्ता देय नाही. आणि कॅप्टन शितोळे या नावाचा अधिकारी नोंदीप्रमाणे कधी अस्तित्वात नव्हता, सबब त्यांच्या कामाचा प्रश्न उद्भवत नाही. तिनं आणखी अर्ज केले, आधी रागानं, नंतर सवयीनं, मग थांबली. पण त्या तीन वर्षांत जयपूरच्या छावणीत माणसांना भूल कुणी दिली, हे सरकारदरबारी आजतागायत ठरलेलं नाही.